कोपऱ्यातली थरथर

मंगळवार, २१ नोव्हेंबर. सकाळी धुकं, दहाच्या सुमाराला निवळलं. स्क्रीन दुरुस्त करणारा येऊन गेला. स्क्रीनमध्ये दोष नाही म्हणाला. सूनबाई दुपारी नीट जेवली नाही, भात चिवडत बसली. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. वरच्या मजल्यावर सांगून आले. निळ्या लोकरीचा एक गुंडा कमी पडणार असं दिसतं.

एवढं लिहून माईंनी पेनाला टोपण घातलं. घडलं ते लिहायचं, वाटलं ते नाही, ही कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावलेली सवय केस पांढरे झाले तरी सुटली नव्हती. दुरुस्तीवाला जिना उतरून गेल्यावर सूनबाई बंद दाराला पाठ टेकून उभी राहिली होती आणि स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाली होती, "म्हणजे ते माझ्याच डोक्यात आहे, आई." हे मात्र रोजनिशीत आलं नाही. ते घडलं होतं, पण लिहून ठेवलं तर खरं होऊन बसेल असं माईंना वाटलं.

सूनबाईचं काम काय, हे लोकांना समजावून सांगताना माईंच्या नाकी नऊ येत. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने एकदा विचारलं, तेव्हा माई म्हणाल्या, "कॉम्प्युटरवरचे खेळ असतात ना, त्यात ती दिवे लावते."

"म्हणजे इलेक्ट्रिशियन?"

"तसंच धर. फक्त शॉक बसत नाही."

खरं तर ती अंधार रंगवायची. सध्याच्या खेळात समुद्राकाठचं एक ओसाड इस्पितळ होतं. त्यातल्या कुठल्या खोलीत किती उजेड सांडावा, कुठल्या दाराखालची फट उजळावी आणि कुठला कोपरा असा काळा ठेवावा की खेळणाऱ्याचं पाऊल तिथे अडावं, हे ठरवणं तिचं काम. दिवे लावायला कोणीही लावेल, ती म्हणायची, काय दाखवायचं नाही हे ठरवायला डोकं लागतं. माईंचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, जहाजावर इंजिनिअर. तो तिला 'काजवा' म्हणायचा आणि वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर असायचा. घरात दोघीच.

लग्न ठरायच्या आधीच ही मुलगी एकटी माईंना भेटायला आली होती. चहाला हात न लावता म्हणाली, "तुमच्या मुलाला माहीत आहे, पण तुम्हाला मीच सांगायला हवं. मला फिट्स येतात. येतात म्हणजे, यायच्या. आता औषधावर आहे."

आठव्या वर्षापासूनचं दुखणं होतं. आधी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात उजेड थरथरायचा, पाण्यावरून भिंतीवर पडलेल्या उन्हासारखा. मग कान भरून आल्यासारखे व्हायचे. मग काहीच नाही. शुद्धीवर यायची तेव्हा भोवती पायच पाय दिसायचे, वर्गातल्या मुलींचे, बाईंचे, शिपायाचे. लहानपणी तिला माणसं बुटांवरून जास्त ओळखता यायची, असं ती हसत सांगायची. माई मात्र तेव्हा हसल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तसं झालं तर मी काय करायचं?"

"कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ घालायचं. तोंडात काही कोंबायचं नाही. आणि शेजारीपाजारी गोळा करायचे नाहीत."

"शेवटचं जमेल मला," माई म्हणाल्या. "बाकीचं शिकेन."

शिकायची वेळ आली नाही. लग्नानंतर तिला एकदाही फिट आली नव्हती. डॉक्टरांनी वर्षभर हळूहळू गोळ्या कमी करत आणल्या आणि सप्टेंबरात बंद केल्या. परत काही चाहूल लागली तर लगेच कळवायचं, म्हणाले, आणि मग बहुधा जन्मभर घ्याव्या लागतील. तेव्हापासून मुलीचं चालणंच बदललं. आंघोळीला जाताना ती आतून कडी लावू लागली. आयुष्यात प्रथमच. ती कडी सरकल्याचा आवाज आला की माई स्वयंपाकघरात स्वतःशीच हसत. मग तिने मोटार चालवायच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारा घरी सोडायला आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "तुमच्या सूनबाई वळणावर हात दाखवतात, आणि वळतात दुसरीकडे," तो म्हणाला. सूनबाई म्हणाली, "समोरच्याला जरा उत्सुकता राहायला नको?" नवरासुद्धा या वेळी लांबच्या फेरीवर गेला तो निर्धास्त मनाने.

आणि ऑक्टोबरात ऑफिसने नवा मॉनिटर पाठवला. जुना मॉनिटर त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला.

हा गेम खेळणाऱ्यांसाठीचा मॉनिटर होता. रुंद, कडांना किंचित आत वळलेला, बंद असला की विहिरीसारखा काळा. साधी स्क्रीन घड्याळाच्या ठोक्यावर चित्र बदलते, सूनबाईने सांगितलं, पुढचं चित्र तयार असो वा नसो. ही थांबते. संगणकाला चित्र काढायला उशीर झाला तर तीही तेवढा वेळ वाट बघते, लवकर झालं तर लवकर दाखवते. म्हणून चित्र फाटत नाही, अडखळत नाही. याला ॲडॅप्टिव्ह सिंक म्हणतात.

"म्हणजे गुणी नवऱ्यासारखी," माई म्हणाल्या.

"तुमच्या मुलाला कळवू का असं?"

"कळव. जहाजावरून काय करणार आहे तो मला."

काम करताना सूनबाई पडदे ओढून घ्यायची, कारण अंधार पारखायला अंधार लागतो. भरदुपारी त्या खोलीत संध्याकाळ असायची. टेबलावर डावीकडे नवी स्क्रीन, तिच्यात इस्पितळाचा एक लांब कॉरिडॉर. उजवीकडे लॅपटॉप, त्यावर ती काय बदललं ते टिपून ठेवायची. माई मागे आरामखुर्चीत विणत बसत. बाहेर बोलायला कोणी नव्हतं आणि त्या खोलीत निदान कोणीतरी असायचं.

पहिल्या आठवड्यातच एकदा लॅपटॉपवर लिहिता लिहिता सूनबाईचे हात थांबले. तिने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं, माऊस हलवला, परत लिहू लागली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती वळलीच नाही. लॅपटॉपवर नजर ठेवून नुसती बसून राहिली. तिची मानेमागची शीर ताठ झालेली माईंना मागून दिसत होती.

"काय गं?"

"काही नाही. कोपऱ्यात थरथरल्यासारखं झालं."

"कुठल्या कोपऱ्यात?"

"डाव्या," ती म्हणाली.

त्यापुढे महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता, आणि तोंडावर आणायचा म्हटला तर हाही नव्हता. दिव्यांच्या उघडझापीमुळे तिला फिट येत नाही, हे डॉक्टरांनी पूर्वीच तपासून घेतलं होतं. तिच्या दुखण्याचं कारण ती थरथर नव्हती, ती त्याची चाहूल होती. म्हणून प्रश्न एकच उरत होता. थरथर स्क्रीनमध्ये आहे, की हिच्या डोक्यात? स्क्रीनमध्ये असेल तर केबल बदला, सेटिंग बदला, मॉनिटर परत पाठवा. डोक्यात असेल तर मोटार गेली, दाराची कडी गेली, आणि फिट आज येते की उद्या याची वाट बघणं तेवढं उरलं.

सूनबाईने करायचं ते सगळं केलं. लांब केबल काढून डब्यातली आखूड जाड केबल लावली. प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये घातला. स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवं घातलं, मग मुद्दाम जुनं घातलं. इंटरनेटवर जगभरातल्या लोकांनी स्क्रीन लुकलुकण्यावर छातीठोक उपाय सांगून ठेवले होते, आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी लिहिलं होतं, याने काही झालं नाही. तिने संगणकालाच स्क्रीनवरचं चित्र रेकॉर्ड करायला लावलं. रेकॉर्डिंग दोघींनी मिळून पाहिलं. ओल्या भिंती, टोकाला एक दिवा, अर्धवट उघडं दार. इतकं स्थिर की फोटो वाटावा.

"त्या वेळी थरथरलं होतं का पण?" माईंनी विचारलं.

"दोनदा."

माईंनी विणकाम पुढे ओढलं. जे डोळ्याला दिसतं आणि चित्रात उमटत नाही, त्याबद्दल बोलून बोलायचं काय.

मग तिने स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात आकडे लावले. संगणक सेकंदाला किती चित्रं काढतो, ते दाखवणारे बारीक हिरवे आकडे. चित्रांचा वेग घसरला की थरथर येत असेल, असा तिचा कयास. आकडे असेपर्यंत दिवसभरात एकदाही थरथरलं नाही. तिने आकडे काढले, लॅपटॉपकडे वळली, आणि पेला फुटल्याचा आवाज व्हावा तशी दचकली.

"त्याला कळतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी बघतेय हे त्याला कळतं."

"कोणाला?"

"कोणाला नाही, आई. असंच म्हटलं."

पण त्या दिवसापासून माई आरामखुर्ची थोडी दाराकडे सरकवून बसू लागल्या. लोकरीवर उजेड पडावा म्हणून, असं त्या म्हणाल्या.

ॲडॅप्टिव्ह सिंक बंद करून पाहणं हा सगळ्यात सोपा उपाय होता, आणि तोही तिने केला होता. बंद केल्यावर दिसत नव्हतं. "पण बंद केलंय हे मला माहीत असतं ना," ती म्हणाली. "लहानपणी आई डोक्यावर हात ठेवून म्हणायची, गेलं बघ, आणि खरंच जायचं. मग ते काय डोक्यात नव्हतं?" शिवाय खेळणारे लोक ते चालू ठेवूनच खेळणार होते, त्यामुळे तिला कामापुरतं तरी चालू ठेवणं भाग होतं.

शेवटी मंगळवारी तो दुरुस्तीवाला आला. बडबड्या, पण कामाला चोख. आल्या आल्या त्याने माऊस हातात घेतला आणि इस्पितळाच्या कॉरिडॉरमधून भराभर फिरून आला. लाल, हिरवे, करडे रंग लावून पाहिले. वेगवान चित्रफिती लावल्या. मोबाइल समोर धरून स्क्रीनचं चित्रण केलं आणि सावकाश करून पाहिलं.

"ताई, या स्क्रीनला सासरी धाडलं तर सासू नाव ठेवणार नाही, इतकी गुणी आहे," तो म्हणाला.

"सासू इथेच बसली आहे," माई मागून म्हणाल्या.

"मग काय, मावशी, तुम्हीच सर्टिफिकेट द्या." आणि सूनबाईला म्हणाला, "नक्की कधी दिसतं तुम्हाला?"

"मी दुसरीकडे बघत असते तेव्हा."

त्याचा हात माऊसवर थांबला. त्याने माईंकडे पाहिलं, मग सूनबाईकडे, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, "झोप होते ना, ताई, नीट?"

बुधवारी दुपारी सूनबाईने माईंना आपल्या खुर्चीत बसवलं. "मी दाराबाहेर थांबते," ती म्हणाली. "तुम्ही बघत राहा. मी खोलीत नसताना दिसलं, तर ते माझं नाही." तिने जाताना दार लोटून घेतलं.

माई चष्मा पुसून बसल्या. समोर तो कॉरिडॉर. आजवर त्यांनी तो पाठीमागून, विणता विणता पाहिला होता. इतक्या जवळून प्रथमच. फरशीवर पाण्याचा पातळ थर होता. डावी भिंत काळी, पण पूर्ण काळी नव्हे. ओल्या पाटीसारखी करडी. टोकाचं दार हातभर उघडं, आणि पलीकडे काय आहे ते दाखवायचं नाही असं त्यांच्या सुनेने ठरवलेलं. माई डोळ्यात तेल घालून बघत राहिल्या. डोळ्यांना पाणी आलं, ते टिपलं, पुन्हा पाहिलं. भिंत भिंतीसारखी होती. दाराबाहेर सून उभी आहे, तिचा श्वासही ऐकू येत नाही, याचीच त्यांना जास्त भीती वाटू लागली.

दिसलं म्हणून सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. तीन अक्षरांचं काम होतं. पोर आजची रात्र शांत झोपली असती. आणि गोळ्या न घेता परवा मोटार चालवायला गेली असती. माईंनी दार उघडलं.

"नाही दिसलं, बाळा."

"बरं," सूनबाई म्हणाली. तिने कपाटातून गोळ्यांची डबी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी. उघडली नाही. शिकवणाऱ्याला फोन करून शुक्रवारचा तास नको म्हणून सांगितलं. "गावाला जायचंय," ती फोनवर म्हणाली, आणि पलीकडून सुटलो म्हटल्यासारखं हसू आलेलं माईंनाही ऐकू आलं.

गुरुवारी सकाळी ती आंघोळीला गेली. कडीचा आवाज आला नाही. माई थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, मग हातातलं विणकाम घेऊन कामाच्या खोलीत गेल्या. एक टाका निसटला होता. पडद्यांच्या फटीतून उजेडाची एक पट्टी लॅपटॉपशेजारी पडली होती, म्हणून त्या सुनेच्या खुर्चीत बसल्या, उजवीकडे झुकल्या आणि निसटलेला टाका सुईवर घेऊ लागल्या. स्क्रीन चालूच होती. सकाळपासून कोणी तिला हात लावला नव्हता.

डावीकडे काहीतरी हललं.

कोणीतरी हातात दिवा घेऊन भिंतीपलीकडून चालत जावं तसं. करडी भिंत किंचित उजळली, किंचित मावळली, पुन्हा उजळली. माईंनी झटकन मान वळवली. कॉरिडॉर होता तसा होता. फरशीवरचं पाणीदेखील हलत नव्हतं. त्यांनी सुईकडे नजर वळवली आणि श्वास धरून वाट पाहिली. भिंत पुन्हा श्वास घेतल्यासारखी उजळली.

माईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. त्यांनी उजवा डोळा झाकला, थरथर होती. डावा झाकला, होती, जरा अंधूक. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे आधी त्यांना स्वतःच्याच भिंगांची शंका आली. मग लक्षात आलं, बाजूच्या कपाटावर, पडद्यावर, लॅपटॉपवर काहीही थरथरत नव्हतं. जे होतं ते त्या चौकटीत होतं. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. म्हणजे सून तिथे होती, आणि हे इथे. त्या वेळी माईंना आनंद व्हायला हवा होता. पण बंद पडद्यांच्या त्या खोलीत, आपण बघत नाही तोवरच जी हलते अशा भिंतीशेजारी बसून, त्यांना उठून जावंसं वाटलं. आणि पाठ फिरवून जायचं कसं, तेही कळेना.

सूनबाई केस पुसत बाहेर आली तेव्हा त्यांनी सांगितलं. तिने टॉवेल खाली घेतला.

"आई, नको."

"काय नको?"

"मला बरं वाटावं म्हणून नको. काल नाही दिसलं, आज बरोबर दिसलं. मी कडी लावली नाही ते ऐकलंत तुम्ही."

"ऐकलं. पण खोटंच बोलायचं असतं तर मी कालच बोलले असते. काल जड होतं ते बोलले, मग आज हलकं आहे ते खोटं कसं?"

 सूनबाईच्या केसांचं पाणी खांद्यावर ठिबकत राहिलं.

"विश्वास नाही ना? मग माझी परीक्षा घे," माई म्हणाल्या. "हवी तशी घे."

परीक्षा तिने खरंच घेतली, आणि चोख घेतली. माईंच्या शिवणाच्या डब्यातली पांढरी आणि काळी बटणं काढली, दोन वाट्यांत घातली, आणि दोघींसाठी एकेक ताटली पालथी ठेवली. माईंनी स्वयंपाकघरात थांबायचं. तिने मॉनिटरखालच्या खटक्याने ॲडॅप्टिव्ह सिंक चालू किंवा बंद करायचं, चालू असेल तर आपल्या ताटलीखाली पांढरं बटण ठेवायचं, बंद असेल तर काळं, आणि हाक मारून दुसऱ्या दाराने गच्चीत जायचं, म्हणजे चेहऱ्यावरून काही कळायला नको. माईंनी येऊन खुर्चीत बसायचं, लॅपटॉपकडे तोंड करून, माऊसला हात न लावता. दिसलं तर पांढरं, नाही दिसलं तर काळं, स्वतःच्या ताटलीखाली, ओळीने.

"कॉपी करायची नाही," सूनबाई म्हणाली.

"आमच्या शाळेत कॉपी करणारीला कोपऱ्यात गुडघ्यावर बसवायचे. या वयात बसले तर उठवणार कोण?"

सकाळ त्यातच गेली. माई येत, बसत, भिंतीकडे पाठ नाही आणि तोंडही नाही अशा अवस्थेत कोपऱ्यातून काय हलतंय याची वाट बघत. कधी भिंत श्वास घ्यायची. कधी मेल्यासारखी पडून राहायची. ती पडून राहिली की माईंची अधिकच चुळबुळ व्हायची, कारण मग वाटायचं, आत्ता हलेल. एकदा तर त्या इतका वेळ बसल्या की गच्चीतून आवाज आला, "आई, झोपलात का?"

शेवटी दोघींनी ताटल्या उचलल्या. दोन ओळी शेजारीशेजारी होत्या. पांढऱ्यासमोर पांढरं, काळ्यासमोर काळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

सूनबाईने बटणांवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग ती खाली फरशीवरच बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या नाकातून पाणी आलं. "स्क्रीन आहे," ती म्हणाली. "आई, स्क्रीनच आहे."

"मग मी काय सांगत होते."

त्यापुढचं उकलायला तिला फार वेळ लागला नाही. भीती गेल्यावर डोकं चालू लागलं. चित्रात काहीच हलत नसलं की हा खेळ वीज वाचवायला चित्रं काढण्याचा वेग कमी करायचा. स्क्रीनला मात्र एका मर्यादेखाली वाट बघता येत नव्हती. त्या मर्यादेच्या काठावर आली की ती एकच चित्र दोनदा दाखवून वेळ भरून काढायची, मग पुन्हा एकदाच, मग पुन्हा दोनदा. प्रत्येक उडीला करड्या रंगाचा उजेड केसभर वरखाली व्हायचा. सरळ बघणाऱ्या डोळ्याला ते कळत नाही, डोळ्याचा कोपरा मात्र असल्या बाबतीत तिखट असतो. रेकॉर्डिंगमध्ये ते येणार नव्हतंच. चित्र शहाणं होतं, उजेड वेडा होता. आणि आकडे लावले की तेच हलत राहायचे, म्हणून खेळाला वाटायचं काहीतरी चाललंय, वेग कमी करायला नको.

"आणि जो तपासायला येतो तो आधी माऊस हलवतो," ती म्हणाली. "तो दुरुस्तीवाला, ऑफिसातले, मी. काहीतरी करायची सवय असलेल्यांना हे दिसायचंच नाही. त्याला हात न लावता दुसरीकडे बघत बसणारं माणूस हवं."

"म्हणजे म्हातारं," माई म्हणाल्या.

तिने खेळाचा वेग एका आकड्याखाली जाणार नाही अशी सोय केली, सिंक चालू ठेवलं आणि दोघी शेजारीशेजारी खुर्च्या टाकून स्क्रीनकडे अर्धवट पाठ करून बसल्या. फोटोत रुसून बसलेल्या जावांसारख्या. भिंत हलली नाही. बसवेना तोवर बसल्या, हलली नाही. मग सूनबाईने मॉनिटर बटणावरून बंद केला आणि पडदे सरकवले. महिनाभरात त्या खोलीत दुपारचं ऊन आलं नव्हतं. टेबलावरची धूळ, लोकरीचे तुकडे, चहाच्या कपांची वर्तुळं, सगळं एकदम समोर आलं.

"कॉफी करते," माई म्हणाल्या. "आज दुधाची, पाणी न घालता."

त्यांनी पातेलं शेगडीवर ठेवलं. आत लॅपटॉपवर भराभर टाइप केल्याचा आवाज येत होता. ऑफिसला कळवत असणार. मग तो आवाज थांबला.

"आई."

आवाजात काहीच नव्हतं. हाक मारायची म्हणून मारलेली.

"आले."

"मी स्क्रीन बंद केली ना?"

माई दारात आल्या. सूनबाई लॅपटॉपकडे तोंड करून बसली होती, दोन्ही हात टेबलावर सपाट. तिच्या डावीकडे तो मॉनिटर होता. खालचा बारीक दिवा विझलेला. काच काळी, आणि तिच्यात खिडकी, पडदा आणि खुर्चीत बसलेली मुलगी दिसत होती.

"केलीस."

"तुम्ही जरा बघा. सरळ नको. कोपऱ्यातून."

माईंना कळलं. त्या तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, खिडकीकडे तोंड केलं आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या काळ्या काचेकडे पाहिलं. डोळे तयार झालेले होते; सकाळपासून दुसरं काय केलं होतं त्यांनी. त्यांनी वाट पाहिली. काचेतली खिडकी हलली नाही. पडदा हलला नाही. काचेतली मुलगी डोळे न मिटता सरळ समोर बघत होती. त्या काचेने एकदा, केसभर तरी उजळावं म्हणून माईंनी जीव गोळा केला. सकाळी ज्या गोष्टीच्या धाकाने त्या घाम पुसत होत्या, तीच आता त्या मनातल्या मनात बोलावत होत्या.

"दिसतंय?" सूनबाई म्हणाली.

"नाही गं," माई म्हणाल्या. "काहीच हलत नाही."

"बरं."

ती उठली नाही, घसरत खाली आली. स्वतःच, सावकाश, खुर्ची पायाने दूर ढकलून. डाव्या कुशीवर वळली. स्वतःचा चष्मा काढून माईंच्या हातात देण्याइतकं भान तिला होतं. "येतंय," ती म्हणाली, आणि मग तिचा हात माईंच्या हातात दगडासारखा झाला.

माईंनी निळं विणकाम सुया काढून तिच्या डोक्याखाली सारलं. तोंडात काही घातलं नाही. कोणाला हाक मारली नाही. मुलीचे पाय टेबलाच्या पायावर आपटत होते, म्हणून टेबल त्यांनी खांद्याने मागे रेटलं; वर काळी काच डुलली आणि थांबली. माई तिच्या कुशीशी बसून राहिल्या आणि एकसारख्या म्हणत राहिल्या, "मी आहे, मी इथेच आहे." ऐकणारं आत कोणी होतं की नाही, त्यांना माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. त्या उठल्या नाहीत.

डॉक्टर फोनवर शांतपणे बोलले. गोळ्या आजपासूनच, उद्या दवाखान्यात घेऊन या. स्क्रीनचं माईंनी त्यांना सांगायला सुरुवात केली, मग राहू दिलं. सूनबाईने गोळी घेतली, भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि झोपण्याआधी पुटपुटली, "निदान दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकच नव्हती." माईंनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि खोलीचं दार उघडं ठेवलं.

अंधार पडल्यावर त्या रोजनिशी घेऊन बसल्या. वार, तारीख लिहिली. बराच वेळ पेन कागदावर टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका पसरला, तेव्हा उचललं. मग लिहिलं: दूध उतू जाऊन करपलं. बर्नर काढून सोड्याच्या पाण्यात भिजत घातले आहेत.